पळून गेलेली चूल

एकदा काय झालं, एक चूल घर सोडून पळाली. हसू नका. खरंच पळाली. तीन दगडांची साधी चूल, पण दगडांनाही कधी कधी कंटाळा येतो, बरं का.

ती चूल होती हौसाची. हौसा राहायची एका वाडीत. वाडी म्हणजे टेकडीच्या पोटाशी बिलगून बसलेली बारा घरं. हौसाचा नवरा बैलगाडी घेऊन घाटाखाली मीठ आणायला गेला होता. घरात ती आणि तिचा म्हातारा सासरा, दोघंच. सासऱ्याला ती मामंजी म्हणायची.

हौसा उडदाचं घुटं करायची. डाळ मऊ शिजवायची, रवीनं घोटायची आणि वरून फोडणी. घुटं सगळ्यांकडंच व्हायचं, पण हौसाच्या घुट्याची चव कुणाच्या घुट्याला नव्हती. नवी नवरी होती तेव्हा सगळ्या वाडीनं तिचं नाव काढलं. बोटं चाटली. काय घालतेस गं, म्हणून विचारलं.

तिथंच तिच्या मनात भीती शिरली. हिनं पाहिलं, तिनं पाहिलं, उद्या सगळ्याच करायला लागल्या तर आपलं काय राहिलं? मग तिनं स्वयंपाकघराच्या दाराला गोणपाट लावलं. घुटं करायची ते गोणपाटाआड. कुणाला वाटी द्यायची नाही. कुणाची वाटी आली तर म्हणायची, आमचं झालंय. एकदा म्हणाली, दोनदा म्हणाली. मग वाट्या यायच्या थांबल्या.

मामंजी काही बोलले नाहीत. ताटात येईल ते जेवायचे. पण मग पूर्ण भाकरीची अर्धी झाली. अर्धीची चतकोर झाली. मग नुसतंच ताटाकडं बघत बसायचे. एक दिवस तर ताटाकडंही बघेनात. भिंतीकडं तोंड करून पडून राहिले.

हौसानं वैद्य आणला. वैद्यानं नाडी धरली, जीभ पाहिली. म्हणाला, रोग काही नाही. यांची भूक रुसून निघून गेली आहे. उद्या दिवेलागणीच्या आत यांनी आपल्या हातानं घास उचलला तर बरे होतील. नाहीतर मग माझ्या हातात काही नाही.

रात्रभर हौसाच्या डोळ्याला डोळा लागला नाही. कूस बदलली, उठली, पाणी प्याली, पुन्हा पडली. उजाडल्याबरोबर तिनं दुपारचीच तयारी मांडली. सगळ्यात जुने उडीद काढले. जात्यावर भरडले, पाखडले. डाळ झाली. मडकं चुलीवर ठेवलं, जाळ केला, गोणपाट ओढून घेतलं.

डाळ अर्धी शिजली आणि थोरला दगड हलला.

हौसाला वाटलं, उंदीर असेल. पण नाही. दगड एकदा डावीकडं झुकला, एकदा उजवीकडं झुकला आणि निघालाच. तिनं मडकं कसंबसं धरून खाली ठेवलं, तोवर मधला निघाला. मधल्यामागं धाकटा. टणाटण उड्या मारत तिघं गोणपाटाखालून बाहेर. विस्तव सगळा जमिनीवर पसरला.

मग हौसानं काय केलं? एका खापरात निखारे भरले. चूल सापडली की लगेच पेटवायला हवी ना. एका हातात खापर घेतलं, दुसऱ्या हातानं पाटी काखेला लावली आणि धावली. सूर्य डोक्यावर आला होता.

थोरला दगड सापडला ठकू कुंभारणीच्या घरात. तिच्या चुलीशेजारी चौथा होऊन बसला होता, ऊब घेत. हौसानं त्याला उचलायला हात घातला. दगड हलेना. दोन हात घातले. हलेना. पाय भिंतीला लावून ओढला. तो आपला टेकडीसारखा जड.

ठकू अंबाडीची भाजी ढवळत होती. म्हणाली, आलीच आहेस तर चाखून जा. हौसा म्हणाली, वेळ नाही हो ठकूवहिनी, मामंजींचं असं असं आहे. ठकू म्हणाली, ते ऐकलंय मी. पण दगड काही उठत नाही ना तुझा? मग एक घास खा.

हौसानं उभ्या उभ्या घास तोंडात टाकला. आंबट, तेलाची धार, मधेच मऊ शेंगदाणे. किती वर्षांत तिनं दुसऱ्याच्या हातचं खाल्लं नव्हतं. तिनं न सांगता दुसरा घास घेतला. आणि पाहते तर दगड थोडासा हलला होता.

ठकू म्हणाली, शेंगदाणे रात्रीच भिजवते मी. पण भाजीत तांदळाच्या कण्या घालते, त्यांच्या मेल्या गुठळ्या होतात. तू काय करतेस?

हौसा घुटमळली. सांगावं की नाही? बाहेर ऊन सरकत होतं. शेवटी म्हणाली, कण्या आधी कोरड्याच भाजून घ्या. तांबूस झाल्या की मग शिजवा. गुठळी होत नाही.

एवढं बोलली मात्र, दगड पापडासारखा हलका झाला. तिनं तो पाटीत टाकला आणि पळाली. ठकू मागून काहीतरी म्हणत होती, ते ऐकायला ती थांबलीच नाही. खापरातले निखारे अजून लाल होते.

मधला दगड वर चढावर गेला होता. तिथं बायजाआक्काचा मेंढरांचा वाडा. बायजाआक्का म्हणजे धनगराची म्हातारी. तोंडात दात नाही, पण जीभ चांगली तिखट. दगड तिच्या चुलीजवळ बसलेला. हौसाला आता कळलं होतं की खायचं आणि सांगायचं. तिनं आल्या आल्याच विचारलं, आक्का, काय केलंय?

म्हातारी म्हणाली, "वा. माझ्या दारात तुला येऊन अकरा वर्षं झाली, आणि आली ती थेट चुलीशीच."

हौसानं खाली पाहिलं. आक्कानं तिला वाटीभर माडगं दिलं. हुलगे भाजून, दळून, पातळ शिजवलेलं माडगं. वरून सुंठेची चिमूट. हौसा फुंकर मारत मारत ते प्याली. आत कुठंतरी बरं वाटलं तिला. पण पाय एका जागी ठरेनात. नजर सारखी उन्हाकडं.

आक्का म्हणाली, ही सुंठ माझ्या आईची शिकवण. पण माडगं जरासं करपट लागतंय का गं? हुलगे भाजताना काय करावं?

हौसाला उत्तर येत होतं. पण तिची जुनी खोड कुठं इतक्या लवकर जाते? माडग्यातही माझ्यावर वरताण झाली तर? ती पटकन म्हणून गेली, जाळ मोठा करा आक्का, चांगले खरपूस भाजा.

आणि मग काय झालं? दगड हलका व्हायचा सोडून खाली जायला लागला. अर्धा दगड जमिनीत गेला. हौसानं त्याला मिठी मारली, तरी तो रुततच चालला. मेंढरं ओरडायला लागली. खापरातल्या निखाऱ्यांवर राख धरली.

बायजाआक्का काही रागावली नाही. नुसती म्हणाली, "आता खरं सांग."

हौसाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, हुलग्यांना आधी पाण्याचा हात लावायचा. चोळायचे. मग अगदी मंद जाळावर भाजायचे. घाई करायची नाही. खोटं बोलले आक्का, चुकले.

दगड वर आला. तिच्या मांडीत येऊन बसला, मांजरासारखा.

आता दोन दगड पाटीत. ऊन पिवळं पडलेलं. हौसा घसरत, ठेचकाळत उतारावरून खाली आली. धाकटा दगड कुठं गेला? या घरात नाही, त्या घरात नाही. मध्येच ती आपल्या घरात डोकावून आली. मामंजी तसेच, भिंतीकडं तोंड करून. तिनं हाक मारली, तर हूं म्हणाले, तेही फार हळू.

शेवटी धाकटा सापडला वाडीच्या टोकाला, गणू शिंप्याच्या घरात. गणूची बायको वारलेली. तो एकटाच करून खायचा. त्या वेळी धिरडी घालत होता. कापड कसं सरळ कापायचा तो, पण धिरडं म्हणाल तर एक अख्खं उतरत नव्हतं. नुसत्या चिंध्या.

तिला पाहून तो लाजला. म्हणाला, बसा वहिनी. देण्यासारखं काही नाही. धिरडी फाटलीत, आणि तोंडी लावायलाही काही नाही.

हौसानं त्यातली एक चिंधी खाल्ली. कोरडीच होती, घशाखाली उतरेना. मग ती वाट बघत बसली. आता हा विचारेल, मग आपण सांगू. पण गणू काही विचारेना. एक चिंधी काढली, दुसरी घातली. सूर्य टेकडीला टेकत आला.

मग तीच म्हणाली, कांदा अर्धा कापा शिंपीदादा. तेलात बुडवून तव्याला चोळा, मग धिरडं घाला. चिकटत नाही. गणूनं तसं केलं आणि पहिलं अख्खं धिरडं उतरलं. त्याला केवढा आनंद झाला. पण दगड? दगड जरासा डोलला आणि पुन्हा बसला.

हौसाला समजलं. या दगडाला काय हवंय ते तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. तेच एक तिच्याजवळ होतं. तेही दिलं की मग हात रिकामे. तिनं खापरात पाहिलं. राखेत एकच निखारा जिवंत होता, मिरचीच्या बीएवढा.

ती हळूच म्हणाली, "माझ्या घुट्यातला लसूण मी कच्चा घालत नाही. सालीसकट निखाऱ्यात भाजते. मग सोलून, ठेचून घालते. एवढंच आहे ते."

गणूनं धिरडं उलटलं. म्हणाला, "ठाऊक आहे, वहिनी."

हौसानं विचारलं, कसं काय?

गणू म्हणाला, भाजलेल्या लसणाचा वास गोणपाटानं अडतो होय? सगळ्या वाडीला ठाऊक आहे. रोज येतो.

"मग कुणी केलं का नाही?"

"तुम्ही दिलं नव्हतंत ना," गणू म्हणाला. "न दिलेलं कसं करून खायचं?"

मग हौसा त्या शिंप्याच्या चुलीपुढं बसून रडली. फार नाही. तेवढा वेळच नव्हता. धाकटा दगड आपणहून पाटीत येऊन पडला होता. तिनं डोळे पुसले आणि पळाली.

पण घरी आली तर दगड काही आत जाईनात. उंबऱ्यापाशी आली की पाटी जड व्हायची, मागं फिरली की हलकी. शेवटी तिनं पाटी अंगणातच ठेवली. तिघं उतरले, अंगणाच्या मधोमध जाऊन बसले. धाकटा दोन वेळा जागा बदलून मग बसला. चूल मांडून झाली. हौसानं मडकं आणलं, काटक्या लावल्या, खापर उपडं केलं.

नुसती राख पडली.

टेकडीमागं सूर्य गेला होता. वर थोडा उजेड उरलेला. एखाद्या घरात कुणी दिव्यात वात घालत असेल. हौसा रस्त्यावर आली. अकरा वर्षांत तिनं कुणाकडं काही मागितलं नव्हतं. तिनं मोठ्यानं हाक दिली, "विस्तव द्या हो कुणीतरी."

आधी काहीच ऐकू आलं नाही. मग ठकूचं दार वाजलं. ठकू आली, तिच्या खापरात विस्तव आणि कमरेवर अंबाडीचं भांडं. चढावरून बायजाआक्का आली, काठी टेकत, एका हातात माडग्याची किटली. गणू धिरड्यांची चवड घेऊन आला आणि शेणीवर एक निखारा. तीन घरांचा विस्तव एका चुलीत पडला. भस्कन जाळ झाला.

मग जी घाई उडाली, काय सांगू. डाळ रटरटली. हौसानं सगळ्यांच्या देखत लसूण निखाऱ्यात टाकला. आक्का म्हणाली, अगं जळेल. ठकू म्हणाली, जळू दे, तिला कळतंय. गणूनं रवी धरली. आक्का म्हणाली, शिंप्या, घुसळतोयस की शिवतोयस? ठकू खदखदून हसली. अंगणात एवढी बोलाचाली त्या घराला माहीतच नव्हती.

आणि आतून खोकल्याचा आवाज आला.

मामंजी भिंत धरत धरत दारात आले होते. ते आले आणि चुलीजवळ बसले. एकेका भांड्यावरचं झाकण उघडून वाकून बघायला लागले. वर आभाळात उजेडाची एकच कड राहिली होती.

हौसानं ताट वाढलं. घुटं सगळ्यात पुढं ठेवलं. मामंजींचा हात घुट्यावरून पलीकडं गेला आणि त्यांनी अंबाडीचा घास उचलला. तोंडात घातला. गिळला. हौसाच्या जिवाला जरा चटका बसला, बरं का. पण घास आत गेला होता. ठकूनं दिवा आणून ठेवला.

मग त्यांनी माडग्याचा घोट घेतला. धिरड्याचा तुकडा मोडला. आणि मग घुट्यात बुडवला. सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होते. मामंजी सावकाश चावत राहिले. मग त्यांनी हौसाकडं पाहिलं आणि म्हणाले, "मीठ विसरलीस, पोरी."

इतक्या दिवसांत त्यांनी चांगलं म्हटलं नव्हतं की वाईट म्हटलं नव्हतं. आता मीठ मागत होते. हौसा हसायला गेली आणि तिला रडूच फुटलं. आक्का म्हणाली, रडतेस काय, मीठ आण. ठकू म्हणाली, थोडंच आण, माझ्या भाजीत पुरेसं आहे. त्यावरून दोघींची जुंपली. तेवढ्यात मामंजी आणखी एक धिरडं मागून मोकळे झाले.

हौसाचा नवरा मीठ घेऊन आला, तेव्हा त्याला आपलं घर ओळखूच येईना. स्वयंपाक अंगणात, अंगणात अर्धी वाडी, आणि गोणपाट मामंजींना बसायला घातलेलं. वाडीत मग घरोघर भाजलेल्या लसणाचं घुटं व्हायला लागलं. प्रत्येकीचं थोडं निराळं. मामंजी सगळ्यांकडचं चाखायचे आणि सगळ्यांना सांगायचे की मीठ कमी आहे. असे ते पुष्कळ वर्षं जगले, आणि सगळी वाडी पोटभर जेवून सुखात राहिली.

चला, त्यांचीही भांडी घासून झाली आता. चूल निवली, दगड निजले. तुम्हीही पाय पोटाशी घ्या आणि डोळे मिटा.