भाऊसाहेबांचा शब्द आणि सहा जॅकेटं

देवबागच्या शेवंतीबाई खोबरेकर आपल्या छोट्या होडीतून पाहुण्यांना स्नॉर्कलिंगला नेत आणि पाण्याखालचे रंगीत मासे दाखवत. होडीत पाहुणे सहाच, हा त्यांचा नियम.

एकदा घाटावरच्या बाजार समितीचे सभापती भाऊसाहेब टेंभेकर स्वतःसकट घरची नऊ माणसं घेऊन आले आणि सगळ्यांना एकदमच होडीत चढवू लागले.

"दोन फेऱ्या करू, भाऊसाहेब. एवढ्या वजनानं होडी कलंडेल," शेवंतीबाई म्हणाल्या.

"काही कलंडत नाही! माझ्या शब्दावर अख्खा तालुका चालतो. मी सांगतो, होडी बुडणार नाही!"

"बरं तर. पण लाइफ जॅकेटं सहाच आहेत. भाऊसाहेबांच्या शब्दावर ज्यांचा भरवसा आहे, त्या तिघांनी जॅकेटाशिवाय बसावं."

पहिली झडप घातली ती भाऊसाहेबांच्या बायकोनं. मग मेव्हण्यानं, मग सुनांनी. शेवटचं जॅकेट उरलं, तेव्हा त्यावर खुद्द भाऊसाहेबांचाच हात पडला.

शेवंतीबाई हसून म्हणाल्या, "तुमच्या शब्दावर तुमचाच भरवसा नाही, भाऊसाहेब. समुद्र तर बिचारा परका!"

बायकोला हसू आवरेना. भाऊसाहेब खाली उतरले आणि दुसऱ्या फेरीची वाट बघत वाळूत बसले.