न लागणारा रोग

एकदा एक वृद्ध वैद्य औषधी मुळ्या गोळा करायला घाटाखाली उतरले आणि चार-पाच महिन्यांसाठी गावातले सारे रोगी आपल्या शिष्याच्या स्वाधीन करून गेले. शिष्य बुद्धिमान होता, नुकताच एका मुलीचा बाप झाला होता. मात्र बुद्धिमान माणसांना हमखास जडणारी एक खोड त्यालाही होती. समोरच्याचे पुरते ऐकून होण्याआधीच उत्तर त्याच्या जिभेवर तयार असे.

गुरू परतले, त्याच्या दुसऱ्या दिवशी कासारांची सून सगुणा ओसरीवर येऊन बसली. पदर दोन्ही हातांवरून मनगटापर्यंत ओढलेला होता. शिष्याने तिला ओळखले. चार महिन्यांपूर्वी त्यानेच तिच्या कोपरांवरचे लाल चट्टे पाहून गजकर्ण ठरवले होते, जहाल मलम दिले होते, आणि जाता जाता सासूला म्हटले होते, "लागट आहे. तान्ह्याला जपा."

आता चट्टे कोपरांवरून खाली मनगटाकडे सरकले होते. वैद्यांनी ते पाहिले, केसांची मुळे पाहिली, गुडघ्यांविषयी विचारले आणि शेवटी तिची नखे उजेडात धरली. शिंप्याच्या बोटातल्या अंगुस्तानावर असतात तसे बारीक खळगे नखांवर होते.

"माहेरी कुणाला होतं का असं?"

"वडलांना होतं."

"आणि आईला?"

"नाही. जन्मभर दोघं एका ताटात जेवली."

वैद्य शिष्याकडे वळले. "गजकर्णाची कड उठते आणि मधली कातडी निवळत जाते. हे मधोमधही जाड आहे, वर रुपेरी कोंडा आहे, आणि दोन्ही हातांवर सारखंच आहे. शरीराने आपल्याच कातडीशी मांडलेलं हे भांडण. ते दुसऱ्याला लागत नाही. वडिलांचं विचारलं होतंस हिला?"

शिष्याने मान खाली घातली. विचारले नव्हते.

"मूल कुठं आहे, पोरी?"

"वन्संकडं, नदीपलीकडं. त्याच दिवशी धाडलं. माझं दूध आटलं." एवढे बोलून तिने पदर पुन्हा ओढून घेतला.

वैद्यांनी औषधाच्या बरणीला हातही लावला नाही. "तुझ्या मुलीला घेऊन ये," ते शिष्याला म्हणाले, "आणि येताना हिच्या सासूबाईंनाही बोलाव." शिष्याला यातले काही उमगले नाही, पण गुरूंपुढे तोंड उघडण्याची सोय आज त्याला उरली नव्हती.

सासूबाई येऊन ओसरीवर बसल्या. मुलगी आली, तशी वैद्यांनी तिला शिष्याच्या कडेवरून उचलले आणि सरळ सगुणेच्या मांडीवर ठेवले. तिच्या हातांवरचा पदरही बाजूला केला. मुलीला तो रुपेरी कोंडा गमतीचा वाटला. तिने त्यावर बोट नेले. काही कळायच्या आत शिष्याने मुलीचे बोट मागे ओढले.

सगळ्यांनी ते पाहिले. सगुणेनेही पाहिले. तिने मुकाट्याने आपले दोन्ही हात पोरीपासून लांब धरले. ही सवय तिला चार महिन्यांत लागली होती.

"का ओढलंस?" वैद्यांनी विचारले.

"लागत नाही, हे कळलंय मला. तरी हात गेला."

"मी तुला कारणं सांगितली, तरी तुझा हात ऐकत नाही. या सासूबाईंना तर तू कारण न देता नुसता शब्द दिलास. त्यांनी तो पाळला, त्यांचा काय दोष? हिचा रोग मुळापासून काढणं माझ्या हाती नाही. तो थंडीत उसळेल, काळजीनं उसळेल, खाजवलं तिथं नव्यानं उठेल. तेल, कोवळं ऊन आणि धीर यांनी ताब्यात राहील. असं जन्माचं दुखणं माणूस निभावून नेतो, घरची माणसं जवळ असली तर. तीच तू हिच्यापासून तोडलीस. समजत नव्हतं, तर थांबायचं होतंस. थांबल्यानं वैद्याची अब्रू जात नाही."

शिष्य सासूपुढे वाकला. "आई, मी चुकलो. हे लागट नाही."

"मग चार महिने पोराला तोडलं ते कशापायी?" म्हातारीने विचारले. आणि तिथूनच नदीपलीकडे निरोप धाडला, मुलाला घेऊन ये म्हणून.

दिवस कलताना नणंद मूल घेऊन आली. सगुणेने हात पुढे केले. मूल तिच्या कुशीत क्षणभर स्तब्ध राहिले, मग टाहो फोडून आत्याकडे झेपावू लागले. सगुणेने त्याला थोपटले, नावाने हाक मारली, पण ते काही केल्या राहीना. शेवटी तिनेच त्याला नणंदेकडे दिले. "घ्या वन्सं," ती म्हणाली, "उगीच रडून घसा बसेल त्याचा."

ती मंडळी गेल्यावर शिष्याने विचारले, "किती दिवस लागतील?"

"चट्टे दोन-तीन महिन्यांत निवळतील."

"मी मुलाचं विचारतोय."

वैद्य म्हणाले, "ते मला ठाऊक नाही."