ओढणारी मुंगी आणि लोळणारे बाळ

जंगलाच्या कडेला, एका आंब्यावर लाल मुंग्यांचे भलेमोठे कुटुंब सुखाने नांदत होते. एकदा वाऱ्याने त्यांचे पानांचे घर फाटले आणि राणीची अंडी उघड्या फांदीवर आली. ऊन चढायच्या आत नवे घर झाले नाही, तर अंडी सुकून जाणार होती. मग काय, सगळ्या जणी कामाला लागल्या! त्यांत एक मुंगी भारी ताकदीची. एका पानावर पाय रोवून ती दुसऱ्या पानाची कड जबड्यात धरायची आणि अशी ओढायची की बघणाऱ्याने 'शाब्बास' म्हणावे. तिलाही ते ऐकायला फार आवडे.

दोन पानांच्या कडा जुळल्या. तेवढ्यात एक म्हातारी मुंगी तोंडात पांढरी अळी घेऊन आली. अळी म्हणजे मुंगीचे बाळ. दिवसभर लोळायचे आणि भरवले की खायचे, एवढेच त्याला ठाऊक. ताकदवान मुंगीला राहवेना. "मावशी, घर झालंसुद्धा! आता बाळाला कशाला मिरवताय?" असे म्हणायला तिने जबडा उघडला मात्र, पान सटकन मागे गेले आणि ती फांदीवर आपटली. ऊन तर अंड्यांच्या अगदी जवळ आले होते.

बाळाला खाली ठेवून म्हातारी म्हणाली, "पुन्हा ओढ बाई. आणि या वेळी बोलू नकोस."

मुंगीने निमूटपणे पान ओढले. म्हातारीने बाळाचे तोंड या कडेला टेकवले, मग त्या कडेला, पुन्हा या कडेला. बाळाच्या तोंडातून चिकट धागा निघत होता आणि दोन पानांच्या मध्ये पांढरे जाळे विणले जात होते. थोड्या वेळाने मुंगीने एक पाय सोडून पाहिला. मग दुसरा. मग भीत भीत जबडाही उघडला. पान जागचे हलले नाही! ऊन फांदीवर पसरले तेव्हा अंडी सावलीत होती.

"मावशी, आज माझ्या वाटणीचा मध बाळाला द्या," मुंगी ओशाळून म्हणाली.

"ते केव्हाच झोपलं," मावशी हसली.

मुलांनो, तुमच्या मेंदूतही असे शिवणकाम चालते बरे का! तुम्ही सायकल शिकता तेव्हा दोन चेतापेशींचे धागे एकमेकांच्या अगदी जवळ येतात, पण तेवढ्याने त्यांची जोडणी पक्की होत नाही. शेजारच्या चांदणीसारख्या तारकापेशी आपले रस सोडून ती घडवायला मदत करतात आणि पेशींच्या मधल्या जागेतले बारीक जाळे तिला सांभाळते. शाबासकी मात्र चेतापेशीच घेऊन जातात.

तात्पर्य : दोघांना जवळ आणणारा सगळ्यांना दिसतो, पण त्यांचे नाते टिकते, ते मध्ये राहून मुकाट्याने बांधणाऱ्यामुळे.