तिसऱ्या पट्टीची पोच

वाचकहो, माझं शिकणं अर्ध्यावर राहिलं. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका आणि माझे साधे शब्द सांभाळून घ्या. कॉम्प्युटरचं नेटवर्क म्हणजे काय, हे मला या गोष्टीतूनच थोडंफार कळलं.

फार फार वर्षांपूर्वी डोंगराळ मुलखात एक राज्य होतं. तिथे गावोगावी एक चौकी असे आणि चौकीतून चौकीला जासूद निरोप नेत.

लांब निरोप एका पट्टीवर मावत नसे. मग त्याच्या पट्ट्या करत. प्रत्येक पट्टीवर कोणाकडून, कोणाला आणि कितीपैकी कितवी हे लिहीत. मधल्या चौकीवाल्याने फक्त गावाचं नाव वाचायचं आणि मोकळी असेल त्या वाटेने पट्टी पुढे धाडायची. एक खिंडीतून जाई, एक रानातून. मुक्कामी पोचल्या की आकडे बघून जुळवत आणि दर पट्टीमागे तिच्या आकड्याच्या चिठीत गुंजेचं एक लाल बी परत पाठवत. ती पोच. अंगणातल्या काठीची सावली खुणेच्या पुढच्या दगडाला टेकेपर्यंत गुंज आली नाही, तर तीच पट्टी पुन्हा लिहून धाडायची, असा रिवाज होता.

सगळ्यात वर, तळ्याकाठच्या चौकीत एक लाजाळू चौकीवाला होता. एकदा गुंज वेळेत आली नाही म्हणून त्याने ‘मीठ संपलं’ ही पट्टी दोनदा धाडली. खालून उत्तर आलं, “कळलं हो! आम्ही काय बहिरे आहोत?” तेव्हापासून जासूद त्याला बघून ओरडत, “काय राव, मीठ मिळालं का?” तो मान खाली घाली.

एका सकाळी तळ्याचा बांध खचू लागला. खाली नदीकाठच्या गावात त्याची बहीण नांदत होती. त्याने घाईने तीन पट्ट्या लिहिल्या. पहिली: बांध फुटेल. दुसरी: लेकरं, गुरं घेऊन टेकडीवर जा. तिसरी: पुलावरून जाऊ नका, देवळामागून चढा.

दोन गुंजा आल्या. सावली दगडाला टेकली, तरी तिसरी आली नाही.

जोडीचा म्हातारा म्हणाला, “अरे, परत धाड.”

“असू द्या आजोबा. दोन पोचल्या, तर तिसरीही पोचली असेल. पुन्हा मिठाची गोष्ट निघेल.”

“निघू दे की! जादा झाली तर चुलीत घालतील.”

चौकीवाला पुन्हा लिहिलेली तिसरी पट्टी हातात धरून बसून राहिला.

तिसरी पट्टी ओढा ओलांडताना जासुदाच्या मुंडाशातून निसटली होती. खाली गाव आवराआवर करून, कुठून चढायचं ते कळेल म्हणून, तिची वाट बघत होतं. मग पाण्याचा आवाज आला आणि माणसं टेकडीच्या रोजच्या वाटेने, पुलाकडे धावली. बरीचशी पार झाली. बहिणीचा नवरा मागे राहिलेल्या म्हातारीला हात देत होता. पूल दोघांना घेऊन गेला.

संध्याकाळी बहीण चौकीत आली. ती रडली नाही.

“दादा, दोन पट्ट्या आल्या. आम्ही तिसरीसाठी थांबलो रे. तुला तिची गुंज आली होती?”

“नाही.”

“मग?”

“मला लाज वाटली,” तो म्हणाला. त्याहून मोठं कारण त्याच्याकडे नव्हतं.

आज एक कॉम्प्युटर दुसऱ्याला निरोप पाठवतो, तेव्हा तोही असेच तुकडे करतो, त्यांवर पत्ता आणि आकडा घालतो. पोच आली नाही, तर तोच तुकडा पुन्हा धाडतो. त्याला लाज नसते, हे त्याचं बरं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकीवाल्याने खालच्या गावाला पट्टी लिहिली, ‘काय हवं ते कळवा.’ सावली दगडाला टेकली. गुंज आली नाही. त्याने तीच पट्टी पुन्हा धाडली, मग पुन्हा एकदा. जासूद तिन्ही वेळा मुकाट्याने घेऊन गेले. त्या दिवशी मिठाचं नाव कोणी काढलं नाही.

बोध: पोच येईपर्यंत निरोप पोचला असं धरू नये, आणि तो पुन्हा पाठवायला लाजू नये.