धुमाळांचं प्रोत्साहन

पोरींच्या खो-खोच्या सामन्यात मंडळाचे अध्यक्ष धुमाळ बाहेरून अशी शिव्यांची लाखोली वाहत, की पोरी पळायचं सोडून रडायला लागत. मध्यंतरापर्यंत पंच कालिंदीबाईंकडे सात तक्रारी आल्या. त्यांनी जाब विचारला, तर धुमाळ मिशीला पीळ देत म्हणाले, "शिव्या कसल्या? प्रोत्साहन आहे ते!"

"अरे वा! मग सगळ्या गावाला ऐकवा की!" बाईंनी समालोचकाचा माइकच त्यांच्या हातात दिला. "बक्षीस द्यायला तुमच्या मातोश्रीही आल्यात."

मंडपातल्या मातोश्रींकडे बघून धुमाळांना दरदरून घाम फुटला. "पळा हं... बाळांनो..." कर्ण्यातून चिमणीएवढा आवाज आला.

"मोठ्यानं बोल रे!" मातोश्री कडाडल्या, "मघाशी तर माइकशिवाय इथवर ऐकू येत होतं!"