सहाशे पानांचं सांत्वन

बायबलमधल्या सज्जन ईयोबाची दहाही मुलं एकाच दिवशी गेली. ती का गेली, हे उलगडणारं सहाशे पानांचं पुस्तक रेव्हरंड भांबळांनी लिहिलं आणि चर्चमधल्या प्रकाशनाला, पुस्तकानं दुःखात धीर मिळतो अशी साक्ष द्यायला मार्थाबाईंना उभं केलं. बाईंचा एकुलता लेक महिन्यापूर्वीच तलावात बुडाला होता.

"गुणदोष मोकळेपणानं सांगा, बाई," रेव्हरंड म्हणाले.

"ईयोबाच्या प्रत्येक 'का'ला यात उत्तर आहे, पाळकसाहेब. हा गुण."

टाळ्या पडल्या. रेव्हरंड खुलले. "आणि दोष?"

"ईयोबानं हेच देवाला विचारलं होतं. देव वादळातून बोलला, पुष्कळ बोलला, पण मुलं का गेली ते बोलला नाही." बाईंनी पुस्तक त्यांच्या हातात परत दिलं. "देवाला जे सांगवलं नाही, ते तुम्ही सहाशे पानं सांगताय."