शेवटच्या बाकावरची भाकर

"मग उद्या त्याच्या हातावर भाकर ठेवायची की नाही, एवढंच सांगा बाबा."

रणनवरेबाबा ओसरीवर बसून बाजरीचं पीठ चाळत होते. उद्या उपकारस्तुतीचा, म्हणजे नव्या पिकाबद्दल देवाचे आभार मानायचा रविवार होता, आणि त्या दिवशीच्या प्रभुभोजनात येशूच्या आठवणीनं सगळ्यांनी वाटून खायची भाकर बाबाच थापत. साळवंडीच्या मिशन आवारात पाळक म्हणून त्यांचा सगळा जन्म गेला. आता तिथली ख्रिस्ती मंडळी प्रबोध आढावच्या हाती होती. प्रबोध तरुण, शिकलेला, अन्याय दिसला की गप्प न बसणारा. बाबांच्याच हाताखाली घडलेला.

"कुणाच्या हातावर?"

"शमुवेलच्या."



शमुवेल पारखे तालुक्याच्या ठाण्यात हवालदार होता. त्याचा बाप्तिस्मा बाबांनीच केलेला. त्याचं नाव गेले काही दिवस मंडळीत कुणी घेत नव्हतं. त्याचं कारण होतं वान लियान.

वान आणि त्याची बायको सुई म्यानमारच्या डोंगरातले ख्रिस्ती. तिकडे लढाई पेटली, गावातलं त्यांचं देऊळ, म्हणजे चर्च, जळालं, सुईच्या भावाला सैनिक घरातून घेऊन गेले. दोघं सीमा ओलांडून मिझोरामात आले आणि तिथून पुण्यातल्या कुणाच्या तरी ओळखीनं साळवंडीत पोचले. कागदपत्रं काहीच नव्हती. प्रबोधनं त्यांना आवारातली रिकामी खोली उघडून दिली. वान कोंबड्यांच्या शेडवर कामाला लागला. रविवारी तो शेवटच्या बाकावर शमुवेलशेजारी बसायचा आणि मराठी गीतांचे शब्द कळत नसले तरी सूर अचूक लावायचा. सुईला मुलगी झाली तेव्हा मंडळीतल्या बायकांनी डिंकाचे लाडू केले, टोपडं शिवलं.

त्या वर्षी निवडणूक जवळ आली होती. बाहेरच्या देशातून आलेले लोक हुडकून काढायची मोहीम निघाली. चौकात फलक लागले, सभांमधून भाषणं झाली. मंडळीतलेही काही जण कुजबुजू लागले. आपल्याकडे आधीच लोक वाकड्या नजरेनं बघतात, त्यात परक्यांना ठेवून घेतलं तर उद्या आपल्यावर येईल, असं त्यांचं म्हणणं. प्रबोधनं त्यांना वेदीवरून सुनावलं.

मग कुणीतरी तक्रार केली. त्याच आठवड्यात एका सकाळी पोलिसांची गाडी आवारात आली, आणि वानच्या दारावर थाप मारली ती शमुवेलनं.

वानला तालुक्याच्या कोठडीत नेलं. सुई ओली बाळंतीण, म्हणून तिला खोलीतच राहू दिलं. ठाण्यात हजेरी लावत जा, एवढं बजावलं. दोघांना परत त्यांच्या देशात धाडणार, असं गावात सगळे बोलत होते. तिकडे गेल्यावर वानचं काय होईल ते मात्र कुणी बोलत नव्हतं.

"एका बाकावर बसून गाणी म्हणायची," प्रबोध म्हणाला, "आणि त्याच माणसाच्या हातात बेडी घालायची. अशाला भाकर दिली तर मी पाळक कशाचा? उद्या सगळ्यांसमोर त्याला वगळणार आहे. तुम्ही फक्त माझ्या बाजूनं उभे राहा."

बाबांनी चाळणी खाली ठेवली.

"वानचा फोटो तू कधी टाकला होतास?"

प्रबोधला प्रश्न लगेच कळला नाही.

मुलगी झाली तेव्हा त्यानं वान, सुई आणि बाळाचा खोलीच्या दारातला फोटो काढला होता. आपली छोटी मंडळी परक्यांना कसा आसरा देते, असं चार ओळीत लिहून तो सगळ्या ग्रुपवर पाठवला होता. खूप लोकांनी कौतुक केलं. फोटो फिरत फिरत कुठून कुठे गेला.

"तक्रारीला तोच फोटो जोडला होता," बाबा म्हणाले.

"शमुवेल म्हणाला?"

"फोटोवरून का, असं मी विचारलं, तेव्हा त्यानं मान खाली घातली. तुझं नाव त्यानं कुणापाशी घेतलं नाही."

प्रबोध ओसरीच्या खांबाला टेकला. मग हट्टानं म्हणाला की माझ्याकडून चूक झाली असेल, पण मी काही बेडी घातली नाही. दोन्ही गोष्टी एक नाहीत.

"नाहीत," बाबा म्हणाले. "तू उद्या भाकर देऊ नकोस. मी देतो. तू शेवटच्या बाकावर बस."

दुसऱ्या दिवशी देऊळ भरलं. वेदीपुढे लोकांनी आणलेलं पीक मांडलेलं होतं: बाजरीची कणसं, भोपळे, मेथीच्या जुड्या, अंड्यांचा ट्रे, कुणी करडासकट आणलेली शेळी. शेळी मधूनमधून ओरडत होती. शमुवेल साध्या कपड्यांत आला आणि शेवटच्या बाकावर बसला. त्याच्या पलीकडे एक जागा मोकळी होती. वानची. बाबांनी सांगितलं होतं म्हणून प्रबोध येऊन तिथे बसला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

उपकारस्तुतीच्या दिवशी ज्याला वाटेल तो उभा राहून आभार मानतो. एकीच्या पोराला नोकरी लागली होती. एकाचं डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं होतं. ते सांगून झाल्यावर पहिल्या बाकावरून सुई उठली. बाळ तिच्या पाठीशी कापडानं बांधलेलं होतं.



सुईचं बोलणं मोडकं, थोडं हिंदी, थोडं मराठी. तिनं आधी लाडवांचे आभार मानले. मग टोपड्याचे. मग म्हणाली, शमुवेलभाऊचे.

लोक चुळबुळले.

ती थांबत थांबत सांगू लागली. तिकडे तिच्या भावाला नेलं तेव्हा नेणाऱ्यांनी नाव सांगितलं नाही, जागा सांगितली नाही. आई अजून रोज सगळ्या दिशांना तोंड करून प्रार्थना करते, कारण पोरगा कुठल्या दिशेला आहे ते तिला ठाऊक नाही. इथे आलेल्या माणसानं दाराबाहेर बूट काढले. वान जेवत होता, त्याचं जेवण होईपर्यंत तो उभा राहिला. कुठल्या ठाण्यात नेतो ते सुईला सांगितलं, आणि तिला समजलं नाही तेव्हा हातानं दिशा दाखवली.

"मी रडते," सुई म्हणाली. "खूप रडते. पण मला माहीत आहे कुठे तोंड करून रडायचं. थँक्यू, प्रभू."

ती खाली बसली. कुणी आमेन म्हटलं नाही. म्हणावं की नाही, ते कुणाला समजलं नाही.

बाबांनी भाकर मोडली.

साळवंडीत भाकर कुणी स्वतःच्या हातानं घ्यायची नाही, अशी रीत आहे. शेजारच्यानं मोडून आपल्या तळहातावर ठेवायची, मग आपण पुढच्याच्या. भाकर एकेका बाकावरून मागे सरकत गेली. शेवटच्या बाकावर ती मंडळीच्या पंचांमधल्या एका वयस्क माणसाकडे आली. त्याच्या पलीकडे शमुवेल, शमुवेलच्या पलीकडे प्रबोध.

त्या माणसानं तुकडा मोडला, आणि शमुवेलच्या पुढून हात लांब करून तो प्रबोधसमोर धरला.

शमुवेलनं अंग मागे घेऊन त्या हाताला वाट दिली. जणू हे असंच होणार, हे तो घरूनच ठरवून आला होता.

प्रबोधला हवं होतं ते नेमकं हेच. त्याला सांगावंही लागलं नव्हतं. आता फक्त तळहात पुढे करायचा होता.

त्याचा हात मांडीवरून उचलला गेला नाही.

वेदीपाशी बाबा उभे होते. 

पहिल्या बाकावरून सुई पुन्हा उठली. मधल्या वाटेनं चालत मागे आली. त्या वयस्क माणसाच्या हातातली भाकर तिनं अलगद घेतली, तुकडा मोडला आणि शमुवेलपुढे उभी राहिली. त्यानं मान वर केली नाही. तिनं त्याचा हात धरून उलटा केला, तळव्यावर तुकडा ठेवला आणि त्याची बोटं मिटली. मग उरलेली भाकर त्याच्याकडे देऊन ती आपल्या जागी निघून गेली.

शमुवेलनं तो तुकडा तोंडात घातला.  डोळ्यांतलं पाणी शर्टाच्या बाहीला पुसलं. मग त्यानं रीतीप्रमाणे भाकर मोडली आणि पुढच्या माणसाकडे वळला.

पुढचा माणूस प्रबोध होता.

प्रबोधनं हात पुढे केला. उशिरा, पण केला.

वानचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो. तालुक्याच्या एका वकीलबाईंनी त्याचं प्रकरण फुकट चालवलं. जिवाला धोका आहे असं सांगून आश्रय मागणाऱ्या माणसाचं म्हणणं ऐकल्याशिवाय त्याला बाहेर धाडू नये, असा कोर्टानं हुकूम दिला. शमुवेलनं कोर्टात जे पाहिलं तेच सांगितलं: दार वाननं स्वतः उघडलं, तो पळाला नाही, त्यानं काही लपवलं नाही. वरच्या साहेबांना ते रुचलं नाही. शमुवेलची जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला बदली झाली. प्रबोधनं मंडळीसमोर उभं राहून फोटोची गोष्ट स्वतःच्या तोंडानं सांगितली, आणि ती सांगताना बायबलमधलं कुठलंही वचन जोडलं नाही. वान आज सुटून आलेला आहे, शेडवर आहे. त्याचं प्रकरण अजून चालू आहे. त्याची मुलगी मात्र आता अस्सल साळवंडीची मराठी बोलते. उपकारस्तुतीच्या रविवारी शमुवेल बायकोला घेऊन दूरच्या गावाहून येतो. वानच्या शेजारी बसतो.

पण हे सगळं नंतरचं. त्या रविवारी यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

उपासना संपली. लोक भाजीच्या जुड्या आणि भोपळे मंडळीसाठी होणाऱ्या लिलावाला बाहेर नेऊ लागले. शमुवेल चिंचेखाली एकटा उभा होता. प्रबोध पायरीवर. मधे कुणी नाही.

बाबा काठी टेकत बाहेर आले.

प्रबोध त्यांच्याजवळ गेला. हळू आवाजात विचारलं, "बाबा, म्हणजे त्यानं केलं ते बरोबर होतं?"

"नाही."

"मग मी म्हणत होतो ते?"

बाबांनी लिलावाकडे पाहिलं. शेळीची बोली लागली होती आणि शेळी कुणाकडेच जायला तयार नव्हती. बाबांना हसू आलं...

"बाबा, मी कसले आभार मानू? मला कळत नाही."

बाबांनी शमुवेलला हाक मारली. तो आला आणि प्रबोधपासून दोन हात लांब उभा राहिला. बाबांनी कोटाच्या खिशातून पांढऱ्या रुमालात बांधलेला भाकरीचा तुकडा काढला.

"हा वानचा," ते म्हणाले.

शमुवेलनं सांगितलं की आज ठाण्यात त्याच्या ओळखीचा अंमलदार आहे, दुपारी भेटू देईल. तो खिशातून मोटारसायकलची किल्ली काढू लागला. प्रबोधनंही आपली किल्ली काढली.

बाबांनी रुमाल प्रबोधच्या हातात दिला, आणि त्याच्या दुसऱ्या हातातली किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकली.

"त्याच्या मागे बस," बाबा म्हणाले. "आणि त्याला धरून बस. रस्ता खराब आहे."